आधी कागद, मग रंग

शाळेत असताना इंटरमिजिएटला मला ए ग्रेड होती, त्यामुळे आपल्याला रंगवता येतं अशी माझी ठाम समजूत. पुढे बारा-तेरा वर्षं नोकरी, लोकल आणि संसार यांतच गेली. छत्तिसाव्या वर्षी पुन्हा ब्रश हातात घेतला, तेव्हा पहिल्याच सकाळी ती समजूत ठाण्याच्या तलावपाळीच्या कट्ट्यावर विरघळली. मासुंदा तलावावरचं जुलैचं आभाळ रंगवायचं होतं. निळ्याचा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, टाकला तर रंग पसरेचना. ब्रश टेकवला की तिथल्या तिथे डाग. दुसरा हात फिरवला तर कागदाची लोकर निघू लागली.

मी काय केलं? घरी येऊन चोवीस रंगांची महागडी पेटी मागवली. पुढच्या रविवारी तेच डाग, फक्त महागातले.

कट्ट्यावर नेहमी स्केचिंगला येणारे एक निवृत्त चित्रकला शिक्षक माझी धडपड पाहत होते. त्यांनी कागदाचा कोपरा चिमटीत धरून चोळला आणि म्हणाले, "ताई, हा लग्नपत्रिकेचा कागद आहे." दुकानदाराने मला '300 जीएसएम आहे, वॉटरकलरला एकदम बेस्ट' असं सांगून दिला होता. 300 जीएसएम होताच तो, त्यात खोटं काही नव्हतं. पण जीएसएम म्हणजे फक्त वजन: एक चौरस मीटर कागद किती ग्रॅम भरतो ते. झेरॉक्सचा कागद 70-80 भरतो, जाड पत्रिका 300 भरते. त्या कागदाला पाणी झेपतं की नाही, हे त्या आकड्यातून कळत नाही.

ते ठरतं सायझिंगवर. कागदाच्या धाग्यांना जिलेटिन किंवा स्टार्चसारखा चिकट पदार्थ लावलेला असतो, म्हणून पाणी थोडा वेळ वर थांबतं आणि आपल्याला रंग फिरवायला सवड मिळते. सायझिंग नसेल तर तो टीपकागदच. त्यामुळे नवीन कागद घेताना आधी एकच ताव घ्या. कोपऱ्यावर पाण्याचा थेंब ठेवा आणि शंभर आकडे मोजा. थेंब फुगीर राहिला तर बरं; आत जिरून मागे ओल उमटली तर तो कागद पेन्सिलीला ठेवा. मग त्याच जागी ओलं बोट चार वेळा घासा, भुसा निघतो का पाहा. वाळल्यावर मास्किंग टेप लावून ओढा, कागदाचा पापुद्रा निघतो का पाहा. ब्रँडचं नाव विचारण्याआधी मी अजूनही या तीन गोष्टी करते.

जलरंगाच्या कागदाचे पृष्ठभागावरून तीन प्रकार: गुळगुळीत तो हॉट प्रेस, मध्यम दाण्याचा कोल्ड प्रेस आणि खडबडीत तो रफ. शिकणाऱ्याने डोळे मिटून कोल्ड प्रेस घ्यावा. हॉट प्रेसवर पाणी सैरावैरा धावतं, रफवर बारीक काम होत नाही. लाकडाच्या लगद्याचा की शंभर टक्के कॉटनचा, हा प्रश्न मात्र खिशाचा आहे. कॉटनवर ओल जास्त वेळ टिकते, चुकलेला रंग उचलता येतो, चार थर सहज बसतात. फुल इम्पिरियल ताव 22 बाय 30 इंचांचा असतो. त्याचे चार तुकडे केले की 11 बाय 15 चे चार कागद मिळतात, आणि पॅडपेक्षा बहुधा स्वस्त पडतात. पॅडच्या चकचकीत कव्हरचे पैसे आपणच भरत असतो.

आता आपल्या हवेबद्दल, कारण युरोपातले व्हिडिओ पाहून शिकणारा ठाणेकर इथेच फसतो. त्या व्हिडिओत वॉश पाच मिनिटांत वाळतो. आपल्याकडे जुलैत तासभर ओलसर राहतो. वरून वाळलेला वाटतो, पण हाताची पालथी बाजू टेकवली की गार लागतो. गार म्हणजे ओला. त्यावर दुसरा थर चढवला की फुलकोबीसारखे डाग पडतात. पावसाळ्यात मी एका वेळी दोन चित्रं लावते, एक वाळेपर्यंत दुसरं. मे महिन्यात उलट: उपवन तलावावर सकाळी नऊनंतर बसलात तर कडा ब्रश उचलायच्या आत वाळतात. तेव्हा कागदाची मागची बाजूही ओली करून घ्यायची.

साठवणुकीचा धडा मला चांगलाच महाग पडला. हौसेने आणलेले कॉटनचे सहा ताव पलंगाखालच्या ड्रॉवरमध्ये ठेवले आणि गणपतीनंतर काढले. वरवर कोरे, पांढरेशुभ्र. वॉश टाकल्यावर आभाळभर गडद ठिपके उमटले. दमट हवेत बुरशी जिलेटिन खाते, तेवढ्या जागी सायझिंग उरत नाही आणि रंग तिथे खोल मुरतो; कोऱ्या कागदावर ते दिसतही नाही. आता कागद जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्या घालून, भिंतीपासून लांब, कपाटाच्या वरच्या कप्प्यात असतो. आणि मे महिन्यात मी वर्षभराचा साठा करत नाही.

बाकी माध्यमांचं थोडक्यात सांगते. कोळशाला दाणा लागतो. गुळगुळीत कार्डशीटवर तो बसतच नाही, फुंकर मारली की चित्र हवेत. शाईच्या टाकाला याच्या उलट गुळगुळीत कागद हवा, नाहीतर निबमध्ये धागे अडकून शिंतोडे उडतात. पोस्टर कलर अपारदर्शक, पाणी कमी, त्यामुळे 150-200 जीएसएमचा बरा कार्ट्रिज कागद पुरतो. ऑइल पेस्टल कधीच पूर्ण वाळत नाही, म्हणून वर बटर पेपर ठेवल्याशिवाय वही मिटू नका. तैलरंग थेट कागदावर लावू नका. तेल धाग्यांत मुरून कागद काही वर्षांत ठिसूळ होतो, आधी जेसोचे, म्हणजे रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचे, दोन हात हवेत. लोकलमध्ये स्केचिंग करायचं असेल तर साधी वही आणि जेल पेन. ठाणे-सीएसएमटी प्रवासात पाण्याची वाटी कोण धरणार?

रंग कमी घ्या. माझ्या चोवीसच्या पेटीतल्या पंधरा ट्यूब अजून तशाच आहेत. ट्यूबवर मागे बारीक अक्षरांत रंगद्रव्याचा कोड असतो, तो वाचायला शिका. पीबी 29 म्हणजे अल्ट्रामरीन, कुठल्याही कंपनीचा असो. पीआर 83 म्हणजे अस्सल अलिझरिन क्रिमझन. दिसायला सुरेख, उजेडात उडणारा. पश्चिमेच्या खिडकीसमोर टांगलेल्या माझ्या जास्वंदीच्या चित्राचं दोन उन्हाळ्यांत काय झालं ते विचारू नका. तरी जलरंग टिकत नाहीत असं सरसकट म्हणणाऱ्यांनी एकदा म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात जाऊन सावळाराम हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' बघावं. 1945-46 मधलं ते चित्र कागदावरच्या जलरंगातलं आहे, आणि समोर उभे राहणारे अनेक जण ते तैलचित्रच समजतात.

एक गोष्ट मात्र कागदाच्या दुकानात कोणी सांगत नाही. कागद फार चांगला असला की हात आखडतो. कॉटनचा पहिला तुकडा मी तीन आठवडे नुसता कुरवाळत होते. रंगवला तेव्हा चित्र मेल्यासारखं झालं, कारण प्रत्येक फटकाऱ्याला मी पैसे मोजत होते. सर म्हणाले, "मागची बाजू कोरी आहे ना? त्याच्यावर करा." तिथे आलेलं झाड बरं आलं. तेव्हापासून सरावाला मी लाकडी लगद्याचा स्वस्त पण सायझिंग असलेला कागद वापरते, दोन्ही बाजूंनी. महिन्यातून एकदा, रंगवायचं दृश्य दोन-तीनदा करून हातात बसलं की, कॉटन काढते.

ते बुरशी लागलेले उरलेले ताव फेकले नाहीत. कोळशाला पाण्याचं देणंघेणं नसतं. या पावसाळ्यात त्यांच्यावर गोखले रोडवरच्या छत्र्या काढतेय.