५१२ जीबीची वाटणी: विंडोजशेजारी उबंटू बसवताना

आधी वही, मग लॅपटॉप. कोथरूडला आमच्या सोसायटीतली इंजिनिअरिंगची मुलं ड्युअल बूट (एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि उबंटू ही लिनक्स सिस्टिम, दोन्ही) करून घ्यायला येतात, तेव्हा पार्टिशनचे, म्हणजे डिस्कच्या वाटण्यांचे, आकडे मी त्यांना आधी लिहून काढायला लावते.

भाचीचाच लॅपटॉप घेऊ. ५१२ जीबीची एसएसडी, विंडोज आधीपासून आहे. विंडोजमध्ये ती ४७६ जीबी दिसते, कारण कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. वाटणी ४७६ चीच करायची. सी ड्राइव्हला २००, उबंटूला ९०, उरलेली साधारण १८५ दोघांत सामायिक डेटासाठी.

उबंटू २५ जीबीतही बसतं, पण तेवढ्यावर भागवू नका. जुने कर्नल (सिस्टिमचा गाभा), स्नॅप (उबंटूची अ‍ॅप पॅकेजेस), डॉकर (प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यांत चालवणारं साधन) यांतच जागा संपते. शिवाय कोडचे प्रोजेक्ट उबंटूच्या एक्स्ट-४ या फाइल सिस्टिमवरच राहू द्या. विंडोजच्या एनटीएफएसवर फाइलींच्या परवानग्यांचा घोळ होतो. लेक्चर, पीडीएफ, फोटो मात्र खुशाल सामायिक एनटीएफएस ड्राइव्हवर ठेवा, दोन्हीकडून उघडतात. होमसाठी (वापरणाऱ्याच्या फाइलींचा फोल्डर) वेगळं पार्टिशन मी करत नाही. स्वॅपचंही (रॅम अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) नको, उबंटू स्वॅप फाइल स्वतःच बनवतं.

आता तयारी. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, तपकीर गल्लीतून आणलेली असो वा घरात पडलेली, एक एक्स्टर्नल डिस्क घेऊन सगळा बॅकअप काढा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की वहीत उतरवा आणि मग तो बंद करा. डिक्रिप्शन पूर्ण होईपर्यंत थांबा. फास्ट स्टार्टअपही बंद करा. तो चालू असला की शटडाउन करूनही विंडोज पूर्ण बंद होत नाही, आणि उबंटूला एनटीएफएस ड्राइव्हवर लिहिता येत नाही. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते, तेव्हा त्या दिवशी हे काम काढूच नका.

सी ड्राइव्ह विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधूनच लहान करा. ‘श्रिंक व्हॉल्यूम’ची चौकट आकडा एमबीत मागते: २७५ जीबी (९० अधिक १८५) हवे असतील तर २,८१,६०० टाका. तेवढे मिळत नसतील तर मध्ये न हलणाऱ्या फाइली अडल्यात. हायबरनेशन, पेजफाइल, सिस्टिम रिस्टोअर तात्पुरते बंद करा, रीस्टार्ट करून पुन्हा बघा. मोकळ्या जागेत १८५ जीबीचा एनटीएफएस ड्राइव्ह बनवा. राहिलेले ९० जीबी तसेच रिकामे सोडा.

उबंटूच्या इन्स्टॉलरमध्ये ‘इरेज डिस्क’च्या (सगळी डिस्क पुसण्याच्या) वाटेला जाऊ नका, मॅन्युअल पर्याय घ्या. त्या ९० जीबीवर एक्स्ट-४, माउंट पॉइंट (पार्टिशन जिथे जोडायचं ती जागा) ‘/’. यादीत वरती साधारण १०० एमबीचं छोटंसं फॅट-३२ पार्टिशन दिसेल. ते ईएफआय. दोन्ही सिस्टिमचे बूटलोडर (सिस्टिम सुरू करणारे छोटे प्रोग्रॅम) तिथेच राहतात, म्हणून ते बूटसाठी फक्त निवडा, फॉरमॅटची खूण तिथे चुकूनही नको. इन्स्टॉल दाबण्याआधी पडद्यावरचे आकडे वहीशी ताडून पाहा. एक जरी जुळला नाही तर मागे फिरा. तोवर डिस्कवर काहीच लिहिलेलं नसतं.