विश्वासाचा अभ्यास हबक्कूकपासून सुरू करा

बायबलमधून विश्वास शिकायचा म्हटलं की नवीन माणूस बहुतेक वेळा शब्दसूची उघडतो आणि ‘विश्वास’, ‘भरवसा’ असलेली वचनं वहीत उतरवू लागतो. वही भरते, पण ती वचनं कोणी, कोणाला, कोणत्या संकटात सांगितली हे कळत नाही. त्यापेक्षा एकच छोटं पुस्तक पहिल्या वचनापासून शेवटपर्यंत वाचा. आमच्या मते त्यासाठी हबक्कूक या संदेष्ट्याचं पुस्तक सर्वांत योग्य. जुन्या कराराच्या शेवटाकडे, ३ अध्याय, ५६ वचनं.

पहिल्या दिवशी सलग दोनदा वाचा, एकदा मनात आणि एकदा मोठ्याने. टिपणं नकोत. दुसऱ्या दिवशी पेन्सिल घ्या आणि समासात एवढंच लिहा: इथे कोण बोलतंय, संदेष्टा की देव? ही खूण करायची राहून गेली तर देवाचे शब्द हबक्कूकच्या तोंडी जातात आणि पुढचा अर्थ कोसळतो. विभागणी अशी आहे: १:२-४ (पहिला अध्याय, वचन २ ते ४) मध्ये संदेष्ट्याची तक्रार, १:५-११ देवाचं उत्तर, १:१२ पासून २:१ पर्यंत दुसरी तक्रार, २:२-२० दुसरं उत्तर, आणि तिसरा अध्याय म्हणजे गीतरूपातली प्रार्थना.

आता तक्रारीवर थांबा. घाई इथेच होते. देशात अन्याय चाललाय आणि देव ऐकत नाही, असं हबक्कूक देवालाच तोंडावर विचारतो. उत्तर येतं ते आणखी अवघड: मी खास्द्यांना उठवतोय. खास्दी म्हणजे बाबेलचे (बॅबिलोनचे) लोक. पुढे त्यांनीच यरुशलेम आणि मंदिर उद्ध्वस्त केलं, साधारण इ.स.पू. ५८६ मध्ये. म्हणून दुसरी तक्रार: आमच्याहून दुष्ट माणसं आम्हाला गिळतात, तरी तू गप्प कसा? हे प्रश्न विचारल्याबद्दल देव त्याला झिडकारत नाही. प्रश्न विचारणं म्हणजे अविश्वास, असं अनेकांच्या मनात लहानपणापासून बसलेलं असतं. त्यांनी या दोन तक्रारी स्वतःच्या हाताने वहीत उतरवाव्यात.

मग येतं २:४, नीतिमान विश्वासाने जगेल. हेच वचन नव्या करारातल्या पत्रांत, रोमकरांस १:१७, गलतीकरांस ३:११ आणि इब्री १०:३८ इथे पुन्हा भेटतं. तिकडे लगेच उडी मारू नका. आधी वरचं २:३ वाचा: दर्शनाची वेळ नेमलेली आहे, उशीर वाटला तरी वाट पाहा. म्हणजे इथला विश्वास प्रथम वाट पाहण्यात आहे, आणि तो फुगलेल्या, गर्विष्ठ मनाच्या विरुद्ध उभा केला आहे.

तिसऱ्या अध्यायात १६ ते १८ ही वचनं एकत्रच वाचा. १७ आणि १८ फलकांवर छापतात, १६ गाळतात. १६ मध्ये त्याचे ओठ कापतात, पायांतलं बळ जातं. १७ मध्ये अंजीर, द्राक्ष, जैतून, शेत, मेंढरं, गुरं हे सगळं गेलेलं आहे, म्हणजे घरात यायचं ते काहीच उरलेलं नाही. १८ मध्ये तरीही तो देवाच्या ठायी आनंद करीन म्हणतो. खास्दी यायचे थांबलेले नाहीत. भीती आणि भरवसा एकाच माणसात, लागोपाठच्या वचनांत. शेवटच्या ओळीत मुख्य गवयासाठी सूचना आहे, म्हणजे हे सगळ्यांनी मिळून गायचं होतं.

संदर्भ सुटला की काय होतं ते यिर्मया २९:११ वर तपासा. ‘तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत’ हे परीक्षेला, नोकरीला सर्रास लावलं जातं. ते बाबेलात कैद होऊन गेलेल्यांना लिहिलेल्या पत्रात आहे, आणि आधीच्याच वचनात ७० वर्षांची मुदत आहे. वाचणाऱ्यांपैकी कित्येकांना परतणं दिसणारच नव्हतं. २९:५-७ मध्ये त्यांना सांगितलंय की घरं बांधा, बागा लावा, त्याच नगराच्या हितासाठी प्रार्थना करा. वचन यामुळे लहान होत नाही, पण ‘निकाल चांगलाच लागेल’ एवढाच अर्थ काढला तर निकाल चांगला न लागलेला माणूस मंडळीपासून, म्हणजे चर्चपासून, दूर जातो.

गटात अभ्यास करत असाल तर पाच ते आठ जण पुरेत. मोठ्या गटात दोघेच बोलतात. सुरुवातीला मार्क ९:१४-२९ घ्या. आजारी मुलाचा बाप येशूला म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. आणि येशू त्या मुलाला बरं करतो. गटात कोणी आजारी असेल तर ‘विश्वास कमी पडला’ हे वाक्य कोणालाही बोलू देऊ नका. बोललंच, तर इब्री ११ उघडा. अर्धवट नाही, ३५ व्या वचनाच्या मध्यावर न थांबता पुढेही वाचा: सिंहांची तोंडं बंद करणारे जसे विश्वासाने जगले, तसेच दगडमार झालेले आणि करवतीने चिरलेलेही. ३९ वं वचन त्या सर्वांबद्दल साक्ष देतं.

हबक्कूकला दोन आठवडे द्या. त्यानंतर उत्पत्ति १२ ते २२ घ्या आणि अब्राहामाची वयं समासात लिहीत जा: निघाला तेव्हा ७५, इसहाक झाला तेव्हा १००. मधल्या २५ वर्षांत १६ वा अध्याय येतो, वाट न पाहता दासी हागारेपासून मूल मिळवल्याचा. तो वगळू नका.