गणिताचा इलेक्टिव्ह कसा निवडावा: कॉम्प्युटर सायन्सच्या विद्यार्थ्यांसाठी

इलेक्टिव्हचा फॉर्म भरण्याआधी शेवटच्या वर्षापर्यंतचा सिलॅबस समोर घ्या आणि मागून पुढे वाचत या. मशीन लर्निंग सातव्या सेमिस्टरला असेल, तर प्रोबॅबिलिटी आणि लिनिअर अल्जिब्रा सहाव्यापर्यंत उरकायला हवेत. सगळं एकाच सेमिस्टरला घेतलं, तर तिकडे मशीन लर्निंगच्या फळ्यावर कोव्हेरियन्स मॅट्रिक्स (अनेक चलं एकमेकांसोबत कशी बदलतात याचा तक्ता) येते आणि प्रोबॅबिलिटीचा वर्ग अजून नाणी-फाशांवरच असतो. बहुतेकांचं इथेच बिनसतं.

एकच विषय घेता येणार असेल तर प्रोबॅबिलिटी घ्या, हे आमचं ठाम मत. हॅशिंगचंच बघा, म्हणजे प्रत्येक नोंदीपासून ठरावीक लांबीचा आकडा (हॅश) काढणं. ३२ बिटांच्या हॅशला सुमारे ४२९ कोटी किमती असतात. तरीही जेमतेम ७७ हजार नोंदी झाल्या की कुठल्या तरी दोघींचा हॅश सारखा येण्याची शक्यता ५० टक्क्यांवर जाते. टक्कर कोणत्याही जोडीत होऊ शकते, आणि ७७ हजार नोंदींच्या जोड्या होतात जवळपास ३०० कोटी! हा हिशेब येत नसेल, तर ६४ बिट कधी लागतील हे अंदाजानेच ठरवावं लागतं.

लिनिअर अल्जिब्रा नाव बघून घेऊ नका, युनिट वाचा. नुसते डिटरमिनंट आणि क्रेमरचा नियम असेल तर ती पहिल्या वर्षाचीच उजळणी. व्हेक्टर स्पेस, ऑर्थोगोनॅलिटी आणि एसव्हीडी (एका मॅट्रिक्सची तीन सोप्या मॅट्रिक्समध्ये फोड) असेल तर जरूर घ्या.

सिक्युरिटीकडे ओढा असेल तर नंबर थिअरी. आधी आरएसए या कूटलेखन पद्धतीचं एक छोटं गणित हाताने करून बघा: ५ आणि ११ या मूळ संख्या, गुणाकार ५५. दोन्हींतून एकेक वजा करून गुणा, ४ × १० = ४०. सार्वजनिक किल्ली ३, खासगी २७; कारण ३ × २७ = ८१, आणि ८१ ला ४० ने भागलं की बाकी १. आता संदेश २ घ्या. सार्वजनिक किल्ली ३, म्हणून त्याचा घन ८; हा झाला कूटसंदेश. या ८ चा २७ वा घात ५५ ने भागला की बाकी पुन्हा २. असं का होतं, हा प्रश्न डोक्यातून जात नसेल तर विषय तुमचाच.

सिम्युलेशन, ग्राफिक्ससाठी न्यूमरिकल मेथड्स, पण प्रॅक्टिकल असेल तरच.

‘स्कोअरिंग’ म्हणून विषय घेण्याआधी मागच्या तीन वर्षांचे पेपर बघा: सिद्धता विचारतात की आकडेमोड? गेटच्या (एम.टेक. प्रवेशासाठीच्या परीक्षेच्या) कॉम्प्युटर सायन्स पेपरात इंजिनिअरिंग मॅथ्सला १०० पैकी १३ गुण आहेत, डिस्क्रीट धरून. २०२४ पासून सुरू झालेल्या डेटा सायन्स व एआयच्या पेपरात मात्र प्रोबॅबिलिटी आणि लिनिअर अल्जिब्रा पायाच आहेत.

कॉलेजात हवा तो विषय नसेल तर एनपीटीईएलचा (आयआयटी आणि आयआयएससीच्या ऑनलाइन कोर्सेसचा उपक्रम) १२ आठवड्यांचा कोर्स बघा. क्रेडिट धरले जातील का, हे नाव नोंदवण्याआधीच विभागाकडून लेखी घ्या.