लेआउटमधलं गाजर गवत सगळ्यांनी मिळून कसं काढायचं (नागपूरवाल्यांसाठी)

पावसाळा लागला की बेसा, मनीषनगर, बेलतरोडीकडच्या कोणत्याही लेआउटमध्ये जा, दोन घरांच्या मधात एक खाली प्लॉट आणि त्यात कमरेइतकं गाजर गवत, हे ठरलेलंच. प्रत्येक जण आपल्या कंपाउंडच्या आतलं उपटतो आणि भिंतीपलीकडचं बघून प्लॉटमालकाला शिव्या देतो, मालक राहतो पुण्याला नाहीतर अमेरिकेत. आता याचं एक मोठं झाड १५-२० हजार बिया सहज टाकतं, बी एवढं बारीक की वारा, पाणी, चपलेचा चिखल, कशानंही पसरतं, त्यामुळे तुम्ही एकट्यानं अंगण चकाचक ठेवलं तरी पुढच्या वर्षी जैसे थे. हे काम गल्लीचं आहे, एका घराचं नाही.

सुरुवात जूनमध्येच करा, गवत दिसायच्या आधी. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गुड मॉर्निंगच्या फोटोंमध्ये हा विषय हरवतो म्हणून वेगळा छोटा ग्रुप काढा, त्यात चार-पाच खरंच येणारे लोक पुरतात. दोघांनी लेआउटमध्ये चक्कर मारून खाली प्लॉट, नालीचा काठ, ओपन स्पेस, ट्रान्सफॉर्मरच्या मागची जागा अशी यादी करायची, प्लॉट नंबर आणि फोटोसकट. मालकाचा नंबर कोणाकडे ना कोणाकडे असतोच, त्याला भांडायला नाही तर परवानगी मागायला फोन करा, "काका, तुमच्या प्लॉटची सफाई आम्ही करून राहिलो, मजुरीचा थोडा हिस्सा द्या" म्हटलं की बहुतेक लोक पैसे पाठवून मोकळे होतात. जे दाद देत नाहीत त्यांच्यासाठी आणि रस्त्याकडेच्या जागेसाठी मनपाच्या तुमच्या झोन ऑफिसला, मनपा हद्दीबाहेर असाल तर तिथल्या नगरपंचायत-ग्रामपंचायतीला, लेखी अर्ज द्या, पंधरा-वीस सह्या आणि तेच फोटो जोडून, आणि पोच घ्यायला विसरू नका. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा.

माणसं कमी पडत असतील तर जवळच्या कॉलेजच्या एनएसएसवाल्यांना विचारा. १६ ते २२ ऑगस्ट देशभर गाजर गवत जागरूकता सप्ताह असतो, कृषी विज्ञान केंद्रं, कृषी महाविद्यालयं तेव्हा असे कार्यक्रम शोधतच असतात, आपल्याकडे महाराजबागेजवळ कृषी महाविद्यालय आहेच. पण फक्त त्या आठवड्याची वाट बघत बसू नका, तोवर अर्धं गवत फुलावर आलेलं असतं.

आता खरं उपटणं. रोप लहान असताना गाजरासारखी कातरलेली पानं जमिनीला चिकटून गोल पसरतात, खोड नसतंच, तेव्हाच त्याला धरायचं. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फूल येतं, म्हणजे आपल्याकडे पहिली फेरी जुलैच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, चांगला पाऊस पडून गेल्यावर, माती ओली असताना मुळासकट अलगद निघतं. दुसरी फेरी ऑगस्टमध्ये पोळ्याच्या आधी लावा (घेऊन जा गे मारबत म्हटल्यानं हे जात नाही बापा), आणि तिसरी सप्टेंबरअखेर, उशिरा उगवलेल्यांसाठी. विळ्यानं किंवा ग्रास कटरनं वरवर कापू नका, बुडातून परत फुटतं आणि मग वीतभर उंचीवरच फुलतं. जेसीबी लावून प्लॉट खरवडणं तर त्याहून वाईट, जमीन उघडी पडते, जुनं बी वर येतं आणि पुढचं पीक दुप्पट.

हातमोजे, फुल बाह्या, मास्क याशिवाय कोणालाही हात लावू देऊ नका, मजुरांनाही नाही. याच्या अ‍ॅलर्जीनं अंगावर खाज, चट्टे येतात आणि दमा उसळतो, एकदा ही अ‍ॅलर्जी लागली की पुढं जन्मभर पिच्छा सोडत नाही. दमा असलेल्या काका-काकूंना यादी आणि चहाचं काम द्या.

उपटलेलं फुलाआधीचं असेल तर मस्त खत होतं. १० फूट लांब, ६ रुंद, ३ खोल खड्डा, त्यात गवत, शेणकाला, माती असे थर, वरून मातीनं लिंपून चार-पाच महिने विसरून जायचं. नाडेपचं टाकं (खतासाठी बांधलेलं विटांचं जाळीदार टाकं) असेल तरी चालतं, ती पद्धत आपल्या विदर्भातल्या पुसदचीच. फुलावर आलेलं मात्र खतात नको, वेगळ्या पोत्यात तोंड बांधून ठेवा.

जिथं माणूस पोचत नाही, मोठी पडीक जागा, नाल्याचा पट्टा, तिथं मेक्सिकन भुंगा सोडायचा. मटकीच्या दाण्याएवढा, पांढुरक्या पाठीवर काळसर नागमोडी रेघा. १९८४ च्या सुमारास बंगळुरूकडे पहिल्यांदा सोडला आणि आता बऱ्याच ठिकाणी आपोआप सापडतो. भुंगा आणि त्याची अळी दोघंही पानं खाऊन झाडाचा सांगाडा करतात, फुलं फार कमी येतात. आधी आपल्याच भागात पानांवर शोधा, सकाळी दिसतात, भोकं पाडलेल्या डब्यात गाजर गवताच्या पाल्यासकट गोळा करून नव्या जागी सोडा. नाहीच सापडले तर जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाकडे किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठाकडे चौकशी करा. जुलै-ऑगस्टमध्येच सोडायचे, कोरड्या दिवसांत ते जमिनीत शिरून झोपतात. आणि जिथं भुंगे सोडले तिथं त्या मोसमात उपटणं नाही, फवारणी तर नाहीच, नाहीतर भुंगे खातील काय? जागा आधीच वाटून घ्या, घरांमधले प्लॉट हातानं, बाहेरचा पट्टा भुंग्यांना.

तलावातली जलपर्णी किंवा जंगलातली घाणेरी या नादात स्वतःहून काढायला जाऊ नका, एकीला मशीन आणि मनपा लागते, दुसरीला वनविभागाची परवानगी.

एक गोष्ट सगळे विसरतात, मुरूम. घराच्या भरावासाठी ट्रकभर मुरूम-माती येते तिच्यासोबत बी फुकटात येतं, तर ज्याचं बांधकाम चालू असेल त्यानं त्या ढिगावर पहिल्या पावसात लक्ष ठेवायचं.

रिकामी झालेली जमीन रिकामी ठेवली तर गवत परत येणारच, म्हणून तिथं तरोटा (टाकळा) लावा. तो दाट उगवून गाजर गवताला जागाच देत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेंगा वाळल्या की बी गोळा करून ठेवायचं, पाऊस यायच्या आधी मे महिन्यात भरपूर फेकायचं, पेरायची वगैरे भानगड नाही. जूनमध्ये कोवळा पाला भाजीलाही होतो, फक्त कोणी तणनाशक मारलेल्या प्लॉटमधला आणि नालीच्या काठचा तोडू नका.