बोललेलं वाक्य गाणं होतं तेव्हा: घरी करून बघा

एखादा बोललेला तुकडा जसाच्या तसा पुन्हा पुन्हा ऐकला की तो गायल्यासारखा वाटू लागतो. १९९५ मध्ये संशोधक डायना डॉइच स्वतःच्याच आवाजातलं निवेदन तपासत होत्या. त्यातले चार शब्द सलग वाजत राहिले, आणि हा भास त्यांच्या लक्षात आला. पुढच्या प्रयोगांत तुकडा दहा वेळा ऐकवला. एकदाच ऐकलेल्यांनी तो बोलून दाखवला, दहादा ऐकलेल्यांनी चक्क गाऊन!

सगळं यश तुकड्याच्या निवडीत आहे. दीड-दोन सेकंद, सात-आठ अक्षरं, लांब स्वर आणि न, म, ण, ल, ळ, य यांसारखे वाहते वर्ण हवेत. ‘सकाळपासून नळाला पाणी येईना, म्हणून टँकर बोलावला’ यातलं ‘नळाला पाणी येईना’ उत्तम. ‘पटकन कप उचल’ फसतं: क, प, ट आवाज तोडतात आणि ऱ्हस्व स्वरांत सूर ठरायला वेळच मिळत नाही.

बोलणाऱ्याला पूर्ण वाक्य सहज बोलू द्या. कोणता तुकडा घेणार हे सांगू नका, नाहीतर तो हेल काढतो. पंखा बंद ठेवा, मोबाइल वीतभर लांब धरा, फाइल शक्यतो डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता साठवणारा प्रकार) घ्या. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तुकडा निवडून ‘झेड’ दाबा, म्हणजे निवडीच्या कडा ध्वनिलहरीच्या शून्य रेषेवर येतात. हे राहिलं तर प्रत्येक फेरीला ‘टक्’ वाजतं आणि कान तिकडेच जातो. तरीही वाजलं तर दोन्ही टोकांना ५ ते १० मिलिसेकंदांचा फेड द्या, म्हणजे आवाज सुरुवातीला हळूहळू चढू द्या आणि शेवटी उतरू द्या. तुकड्याची प्रत नव्या ट्रॅकवर घ्या आणि ‘रिपीट’मध्ये ९ भरा, मूळ धरून दहा होतात.

यापुढे हात लावायचा नाही. दर फेरीला पट्टी किंचित वरखाली केली किंवा अक्षरांचा क्रम बदलला, तर डॉइच यांच्या प्रयोगात भास झालाच नाही. म्हणूनच माणसाला दहा वेळा बोलायला लावून चालत नाही; प्रत्येक वेळी सूर थोडा हलतोच.

शेवटी मूळ वाक्य पूर्ण वाजवा. ‘सकाळपासून’ साधं बोलणं, आणि ‘नळाला’पासून एकदम गाणं! ऐकणाऱ्याला आधी काही सांगू नका. दहा फेऱ्यांनंतरही गाणं ऐकू आलं नाही, तर फेऱ्या वाढवण्यापेक्षा तुकडा बदला.