परदेशी सेवाफेरीत यजमान कुटुंबाकडे राहताना या चुका टाळा

ज्या मुंबईत 1813 साली अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी उतरले, त्याच मुंबईतल्या आमच्या मराठी मंडळीतून (चर्चमधून) आता तरुणांचे लहान गट सेवाफेरीसाठी केनियाला जातात. अशा गटाबरोबर दोन वेळा नैरोबीच्या वेशीवरच्या एका ख्रिस्ती कुटुंबाकडे राहून आल्यावर मला आमची उणीव स्पष्ट दिसली. गीते, साक्षी (आपल्या विश्वासाचे अनुभवकथन), मुलांचे खेळ यांची तयारी आम्ही महिनाभर करतो. पाहुणे म्हणून राहण्याची तयारी मात्र करतच नाही. ‘आपण सेवा करायला चाललो आहोत’ ही भावना मनात इतकी घट्ट बसलेली असते की त्या घरात सकाळपासून रात्रीपर्यंत आपलीच सेवा चालू आहे, हे ध्यानात येत नाही. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका या एकाच विसरातून होतात.

बॅग भरतानाच होणाऱ्या चुका

आफ्रिका म्हणजे ऊन, असे धरून स्वेटर न नेणे ही पहिली चूक. नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे 1,800 मीटर उंचीवर आहे आणि जून ते ऑगस्ट हे तिथले थंडीचे महिने आहेत. मे महिन्याच्या घामातून निघालेले आम्ही सुती कपड्यांत तिथे पोहोचलो आणि पहिल्याच रात्री कुडकुडू लागलो. यजमानांनी न बोलता चार जाड ब्लँकेटे आणून दिली. ती त्यांच्या मुलांच्या अंथरुणावरची होती, हे तिसऱ्या दिवशी मुले शाळेचे स्वेटर घालून झोपलेली दिसली तेव्हा कळले. उदार घरात पाहुण्याची गैरसोय कधीच दिसत नाही, कारण ती घरच्यांनी आधीच स्वतःवर घेतलेली असते. म्हणून जे आपण सोबत नेऊ शकतो ते त्यांच्याकडून घ्यावे लागू नये, इतकी काळजी घेतलीच पाहिजे.

केनियात 28 ऑगस्ट 2017 पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगांवर कडक बंदी आहे. चिवडा-लाडवांचे डबे सवयीने त्यांत गुंडाळू नका. कापडी पिशव्या न्या. यजमानांना हापूस चाखवावा असे कितीही वाटले तरी ताजी फळे परवान्याशिवाय नेता येत नाहीत. पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्या आणि प्रमाणपत्र पासपोर्टबरोबर ठेवा, कारण त्याच्याअभावी भारतात परतताना विलगीकरणात राहावे लागू शकते. तिथे चौकोनी पिनांचे प्लग लागतात, तेव्हा ॲडॅप्टरही सोबत असू द्या.

पाणी, वीज आणि झोप

नैरोबीच्या अनेक भागांत नळाला पाणी आठवड्याच्या ठरावीक दिवशीच येते आणि उरलेले दिवस साठवलेल्या पाण्यावर काढावे लागतात. पाणी सुटण्याची वेळ सांभाळत पिंप भरणाऱ्या मुंबईकराला हे समजायला हवे, पण पाहुणा झाला की मुंबईकरही ते विसरतो. पोहोचल्या दिवशीच विचारावे: पाणी कोणत्या दिवशी येते, आंघोळीला किती बादल्या घ्याव्यात, कपडे कधी धुवावेत?

विजेची गोष्ट आणखी सूक्ष्म आहे. तिथल्या बहुतेक घरांत प्रीपेड मीटर असतो आणि वीज आगाऊ विकत घ्यावी लागते. तिला ते ‘टोकन’ म्हणतात. आमच्या स्नानगृहातला शॉवर विजेवर तिथल्या तिथे पाणी तापवणारा होता. आम्ही सहा जण रोज सकाळी ओळीने, निवांतपणे, कढत पाण्याने आंघोळ करत होतो. एका संध्याकाळी अचानक दिवे गेले, तेव्हा यजमानीणबाई मोबाइलच्या उजेडात मीटरसमोर उभ्या राहून टोकनचे वीस आकडे एकेक करून दाबत होत्या. एक आकडा चुकला, त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि मागे वळून आमच्याकडे पाहत ‘पोले, पोले’ म्हणाल्या. दुसऱ्याच्या त्रासाबद्दल वाईट वाटते, असा त्या शब्दाचा अर्थ. वीज आम्ही संपवली होती आणि सांत्वन आमचे होत होते. पुढच्या वेळी आम्ही पाणी बादलीत घेतले आणि दिवसाआड कोमट पाण्यावर भागवले.

झोपेबाबत एकच सांगतो: रात्री उशिरापर्यंत बैठकीच्या खोलीत गात बसू नका, कारण बहुधा त्याच खोलीत घरातले कोणीतरी झोपणार असते.

ताटातले

उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, आणि ‘सुकुमा विकी’ नावाची पालेभाजी हे तिथले रोजचे जेवण. चपातीही तिथे आहे. भारतीय वस्तीबरोबर ती पूर्व आफ्रिकेत रुजली. पण आपली रोजची पोळी तिथे सणासुदीची असते. भारतीय पाहुणे येणार म्हणून आमच्या यजमानीणबाईंनी अर्धी रात्र चपात्या लाटल्या आणि आमच्यातल्या एकाने ‘चपाती तर घरी रोजच खातो’ असे म्हणून ताट पुढे सरकवले. त्याच्या मनात वाईट काही नव्हते, पण त्या माउलीचा चेहरा उतरलेला मी पाहिला आहे. लोणच्याची बाटली थेट जेवणाच्या टेबलावर काढणे हीदेखील तशीच चूक. ती पहिल्या दिवशीच यजमानीणबाईंच्या हाती भेट म्हणून द्यावी, त्या स्वतःच वाढतील.

खरोखरच काही चालत नसेल तर ते मुंबईहून निघण्यापूर्वीच कळवावे. पंडिता रमाबाई 1883 साली इंग्लंडला गेल्या, वाँटेज इथल्या ख्रिस्ती भगिनींकडे (नन्सकडे) राहिल्या, तिथेच त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि तरीही शाकाहार सोडला नाही. आपली अडचण स्पष्ट आणि वेळेवर सांगण्यात यजमानाचा अपमान नाही. सर्व रांधून झाल्यावर ताटात उरवण्यात तो आहे. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात प्रभू येशू शिष्यांना पाठवताना सांगतो की पुढे वाढतील ते खा आणि घरोघर बदलत हिंडू नका. अधिक सोयीचे घर मिळते म्हणून मध्येच मुक्काम हलवणाऱ्यांनी या वचनाचा उत्तरार्धही वाचावा.

वेळ

स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात, त्यामुळे ‘सा तातू’, म्हणजे शब्दशः तिसरा तास, हे सकाळचे नऊ असतात. इंग्रजी बोलणारी तरुण मंडळी घड्याळाप्रमाणेच वेळ सांगतात, पण घरातली वडीलधारी माणसे स्वाहिलीत बोलतात. शनिवारी ‘सा तातू’ला नातलगांकडे जायचे आहे, असे आजींनी सांगितले. आकडे पाठ केल्याच्या अभिमानात आम्ही ते दुपारचे तीन समजलो आणि सकाळीच बाजारात निघून गेलो. परतलो तेव्हा डोक्याला रुमाल बांधून, मांडीवर पर्स घेऊन आजी नऊ वाजल्यापासून सोफ्यावर बसून होत्या. वेळ ऐकली की ‘सकाळी की दुपारी, घड्याळात किती?’ हे न लाजता विचारावे. चूक झालीच असेल तर कारणे देत न बसता आधी क्षमा मागावी.

उपकार फेडण्याची घाई

सर्वांत जास्त नुकसान या घाईने होते, तेही चांगल्या मनाने. निघताना हातात नोटांचे पाकीट कोंबले की पाहुणचाराचे बिल चुकते केल्यासारखे होते आणि प्रेमाने केलेल्या माणसाला ते लागते. तिथे कोणाच्या घरी जाताना साखर, चहा, तेल, पीठ घेऊन जाण्याची रीत आहे. रिकाम्या हाताने जाऊ नये हे आपणही मानतोच. आठवड्यातून एकदा असा बाजार करून स्वयंपाकघरात ठेवला तर तो आनंदाने घेतला जातो. राहण्या-जेवण्याचा खर्च मात्र निघण्यापूर्वी दोन्हीकडच्या पाळकांनी (धर्मगुरूंनी) आपसांत ठरवून स्थानिक मंडळीमार्फत द्यावा, म्हणजे कोणालाच संकोच होत नाही.

आणि भरल्या डोळ्यांनी वचने देऊ नका. ‘तुमच्या मुलीच्या शाळेची फी आम्ही भरू’ हे वाक्य निरोपाच्या प्रार्थनेत सहज निघून जाते. इकडे आल्यावर ते मागे पडते आणि तिकडे एक कुटुंब नव्या सत्राची वाट पाहत राहते. असे वचन आमच्या गटातून दिले गेले होते. ते निभावायला आम्हांला वर्षभर वर्गणी काढावी लागली आणि पहिले सत्र तर हुकलेच. काही द्यायची इच्छा असेल तर मुंबईत परतून, मंडळीच्या बैठकीत मांडून, रक्कम आणि मुदत ठरल्यावरच कळवावे.

मुंबईत उतरल्यावर सुखरूप पोहोचल्याचा निरोप विमानतळावरूनच पाठवा. केनियाची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे, त्यामुळे आपल्याकडे मध्यरात्र असली तरी तिथे बहुधा कोणीतरी जागे असते. पहिल्या वेळी आम्ही चौथ्या दिवशी फोन केला, तेव्हा आजी रोज संध्याकाळच्या प्रार्थनेत आमच्या विमानासाठी प्रार्थना करत होत्या.