'नेव्हर लेट मी गो' अभ्यासाला असेल तर

काझुओ इशिगुरोची ही कादंबरी (2005) एमएला असेल, तर पहिल्याच वाचनात एक प्रश्न मानगुटीवर बसतो : अवयवदानासाठीच जन्माला घातलेली ही क्लोन मुलं पळून का जात नाहीत? मोठेपणी त्यांच्यावर पहारा नाही, कथा सांगणारी कॅथी तर एकटी गाडी घेऊन इंग्लंडभर फिरते. मीही या प्रश्नात फार दिवस अडकून पडले होते. निबंध त्यावर उभा करू नका, कोसळतो. कादंबरी उत्तर देत नाही. तुम्ही रचलेलं उत्तर तुमचंच असेल. आणि 'लेखक सांगायला विसरला' असं तर चुकूनही लिहू नका.

त्यापेक्षा कोण, कुणाला, कधी, किती सांगतं ते तपासा. हेल्शम या त्यांच्या निवासी शाळेत अवयवदानाची गोष्ट मुलांच्या कानावरून जात असते, पण उमजेल अशी कुणी सांगत नाही. मिस लूसी ही शिक्षिका सांगू बघते. थोड्याच दिवसांत ती शाळेत नसते. अधूनमधून शाळेत येणारी मादाम मुलांची चित्रं का नेते? तेही गुलदस्त्यात. मग अफवा पसरते, की खरं प्रेम असलेल्या जोडप्याला अवयवदानासाठी काही वर्षांची मुदतवाढ मिळते. कॅथीचा शाळासोबती टॉमी तर्क लावतो : चित्रांतून आत्मा दिसतो, त्यावरून प्रेम खरं की खोटं ते ठरत असणार.

कॅथी आणि टॉमी मुदतवाढ मागायला मादामच्या घरी जातात, तो लिटलहॅम्प्टनचा प्रसंग सावकाश वाचा, दोनदा वाचा. टॉमी आपली चित्रं घेऊन आलाय, त्याचं उरलेलं आयुष्य पणाला लागलंय. आणि हेल्शमची मुख्याध्यापिका असलेल्या मिस एमिलीचा जीव अडकलाय पलंगाशेजारच्या कपाटात, जे न्यायला माणसं यायची आहेत. मुदतवाढ कधी नव्हतीच. चित्रं हवी होती ती या मुलांना आत्मा असतो, एवढंच जगाला पटवायला. वर तिचं म्हणणं असं, की लपवलं म्हणूनच तुम्हाला बालपण मिळालं. तुमच्या निबंधाचा गाभा इथे आहे : तिचा युक्तिवाद पटतो का? मला पटत नाही, पण तो खोडणंही सोपं नाही.

'क्लोनिंगचे दुष्परिणाम' छापाची गाइडं सरळ बाजूला ठेवा. 2010चा चित्रपट नंतर बघा. प्रत्येक विधानाला 'कुठल्या पानावर?' विचारणारे सर किंवा मॅडम मिळाले, तर त्यांना सोडू नका.

सुरुवातीला काहीच घडत नाही असं वाटेल. घाबरू नका, सगळ्यांनाच वाटतं. कॅथी जिथे 'त्याबद्दल नंतर सांगते' म्हणून पुढे सरकते, तिथे समासात खूण करत चला.